रिकामी खुंटी: जनुकशास्त्रावर निबंध लिहिणाऱ्या मुलीस पत्र

परळ, मुंबई

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा परवा मिळाला. मी तो दोनदा वाचला, पहिल्यांदा नुसता आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, परीक्षक म्हणून. अकरावीतल्या मुलीने जनुकशास्त्रावरच्या निबंधस्पर्धेत उतरायचे ठरवावे आणि तेही मराठीत लिहून, याचा मला फार आनंद झाला आहे. म्हणूनच जे खटकले ते आडपडदा न ठेवता लिहिते.

तुझा निबंध 'आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे' या वाक्याने सुरू होतो. त्यानंतर मेंडेलचा वाटाणा, १९५३ साली उलगडलेली डीएनएची रचना, १९९६ साली जन्मलेली डॉली मेंढी, २००३ साली पूर्ण झाल्याचे जाहीर झालेला मानवी जनुकसंच प्रकल्प, बीटी वांगे आणि क्रिस्पर हे जनुकांत बदल करण्याचे तंत्र अशी सहा स्टेशने येतात, आणि तुझी गाडी एकाही स्टेशनावर उतरण्याइतका वेळ थांबत नाही. यातली माहिती चुकीची नाही. पण ती परीक्षकाला आधीपासून ठाऊक असते आणि त्याच्या टेबलावरच्या गठ्ठ्यातल्या बहुतेक निबंधांत ती याच क्रमाने आलेली असते. अशा स्पर्धांचे निबंध मी बरीच वर्षे तपासले आहेत. तपासणारा शोधत असतो ती एकच गोष्ट: या मुलीला एखादी अवघड बाब खरोखर उमगली आहे का, आणि ती दुसऱ्याला उमगेल अशी तिला सांगता येते का.

तुझ्या चौथ्या परिच्छेदात एक वाक्य आहे: 'बॉम्बे ब्लड ग्रुप हा दुर्मिळ रक्तगटही आपल्याच शहरात सापडला.' एवढे लिहून तू पुढे निघून गेलीस. माझ्या मते तुझा सगळा निबंध त्या एका वाक्यात दडलेला आहे. बाकीची पाने बाजूला ठेव आणि तिथेच थांब.

१९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या रक्तगटाची माहिती प्रसिद्ध केली. साल नीट बघ. डीएनएची रचना सांगणारा लेख आला तो त्यानंतरच्या वर्षी, एप्रिल १९५३ मध्ये. म्हणजे जनुकाची रचना कशी असते याचे चित्र हाती नसताना, केवळ रक्ताच्या थेंबात पुंजके होतात की होत नाहीत एवढे पाहून, या मंडळींनी आनुवंशिकतेचा एक नवा गुण ओळखला. हे कसे जमले असेल, हा प्रश्न तुझ्या निबंधाच्या पहिल्या ओळीत शोभेल.

आता मूळ गोष्ट समजून घे. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर शर्करांच्या लहान साखळ्या असतात. अशा साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची शर्करा जोडली गेली की 'एच' हा प्रतिजन, म्हणजे रक्तगट ओळखण्याची खूण, तयार होतो. ए गटाच्या माणसात या एचवर आणखी एक शर्करा चढते, बी गटाच्या माणसात वेगळी चढते, एबी गटात दोन्ही प्रकार असतात आणि ओ गटात एच तसाच उघडा राहतो. घरातल्या भिंतीवरच्या खुंट्या डोळ्यांपुढे आण. ए च्या घरी खुंट्यांवर छत्र्या टांगल्या आहेत, बी च्या घरी पिशव्या, आणि ओ च्या घरी खुंट्या रिकाम्या आहेत. बॉम्बे गटाच्या माणसाच्या घरी खुंट्याच बसवलेल्या नाहीत. त्याच्याकडे छत्री असेलही, पण ती टांगणार कशावर?

हा दृष्टान्त तुला वापरावासा वाटला तर खुशाल वापर, पण तो कुठे अपुरा पडतो हेही लिही. जनुक म्हणजे खुंटी नव्हे. जनुक हे एका विकराची, म्हणजे शरीरातली रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाची, कृती सांगते, आणि तो विकर सुताराप्रमाणे खुंटी बसवतो. एच बसवणाऱ्या विकराचे जनुक १९ व्या गुणसूत्रावर आहे, तर ए आणि बी ठरवणारे जनुक ९ व्या गुणसूत्रावर आहे. ही दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्रपणे वारसाने येतात. हे दोन आकडे लक्षात ठेव, पुढे त्यांचे काम पडणार आहे.

प्रात्यक्षिकाच्या तासाला तू पांढऱ्या टाइलवर स्वतःचा रक्तगट तपासला असशील. बोटातून काढलेल्या रक्ताच्या एका थेंबावर ए प्रतिजन ओळखणारे निळे द्रव, अँटी-ए, टाकायचे, दुसऱ्यावर पिवळे अँटी-बी, आणि काडीने ढवळून टाइल सावकाश हलवायची. ज्या थेंबात प्रतिजन जुळतो तो फाटलेल्या दुधासारखा दाणेदार होतो. ओ गटाचे दोन्ही थेंब एकजीव राहतात, आणि बॉम्बे गटाचेही तसेच राहतात. डोळ्यांना दोन्ही टाइली अगदी सारख्या दिसतात. फरक कळतो तो रक्तद्रव तपासताना. बॉम्बे गटाच्या माणसाच्या रक्तद्रवात एचविरुद्ध प्रतिपिंड, म्हणजे एचला चिकटणारी प्रथिने, असतात, त्यामुळे त्यात ओ गटाच्या पेशी मिसळल्या की पुंजके होतात. ज्या ओ रक्ताला आपण सर्वांना चालणारे म्हणतो, तेच या माणसाला दिले तर जिवावर बेतू शकते, कारण ओच्या पेशींवर एच सर्वांत जास्त असतो. त्याला बॉम्बे गटाच्याच दात्याचे रक्त लागते. टाइलवरच्या दोन सारख्या थेंबांपासून इथपर्यंतचा प्रवास तू सावकाश लिही. शब्दमर्यादेतला निम्मा वाटा यावर खर्च झाला तरी मला तो जास्त वाटणार नाही.

इथे मला माझ्या हातून घडलेली एक चूक सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळेच मी तुला एवढे सविस्तर लिहीत आहे. महाविद्यालयात शिकवत असताना मी फळ्यावर दरवर्षी एक वाक्य लिहीत असे: आई-वडील दोघेही ओ असतील तर मूल ओच असते. एका वर्षी प्रात्यक्षिक संपल्यावर एका मुलाने सगळ्यांसमोर विचारले, 'बाई, माझा ए आला आहे आणि घरी दोघांचाही ओ आहे, असे कसे?' मी पुढच्या तुकडीची मांडामांड करण्याच्या घाईत होते. 'असे होऊच शकत नाही,' एवढे म्हणून मी टाइली धुवायला दिल्या. तो मुलगा गप्प झाला. पुढे त्याने तो विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. माझ्या उत्तराचा त्याने काय अर्थ घेतला असेल, हे मला त्या दिवशी रात्री जेवायला बसल्यावर सुचले. मी त्याला सांगायला हवे होते की अशा वेळी घरच्या जुन्या कार्डावरची नोंदही चुकलेली असू शकते, तेव्हा आधी पुन्हा तपासणी करून घ्यावी. आणि नोंद बरोबर निघाली तरीही नियमाला अपवाद आहेत, त्यातला एक तर याच शहरात सापडला आहे, हेही सांगायला हवे होते.

तो अपवाद कागदावर मांडून बघ. वडिलांच्या ९ व्या गुणसूत्रांच्या जोडीत एक प्रत ए ची आणि एक ओ ची आहे, पण १९ व्या जोडीतल्या एचच्या दोन्ही प्रती बंद पडलेल्या आहेत. नेहमीच्या तपासणीत ते ओ ठरतील. आई साधी ओ आहे आणि तिच्या एचच्या दोन्ही प्रती चालू आहेत. बाळाला वडिलांकडून ए ची प्रत मिळण्याची शक्यता निम्मी, आणि आईकडून एचची चालू प्रत तर नक्कीच मिळते. वडिलांकडे पडून राहिलेल्या छत्रीला आईकडून खुंटी मिळाली, आणि बाळ ए गटाचे झाले. हा पनेटचा चौकोन, म्हणजे आई-वडिलांकडून येणाऱ्या प्रतींच्या जोड्या दाखवणारा तक्ता, तू स्वतःच्या हाताने, न बघता, तीनदा काढ. ज्या दिवशी धाकट्या भावंडाला तो समजावून देता येईल त्या दिवशी निबंधात घाल. आणि माझ्या फळ्यावरच्या वाक्यात 'सामान्यतः' हा एक शब्द घालून ते वाक्य तुझ्या निबंधात लिही. आनुवंशिकतेवरचे वाक्य वाचणारा प्रत्येक जण ते आपल्या घराला लावून पाहतो, म्हणून या एका शब्दासाठी मी तुझ्याशी हट्ट धरते आहे.

आकड्यांबद्दलही असेच. बॉम्बे रक्तगट भारतात सुमारे १०,००० जणांत एकाला आणि युरोपात सुमारे १० लाखांत एकाला असतो, असे सर्वत्र लिहिलेले सापडेल. तू हा आकडा उतरवून घेतलास आणि शेजारी उद्गारचिन्ह दिलेस. उद्गारचिन्ह काढून टाक आणि आकड्याकडून काम करून घे. हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे दोन्ही प्रती बंद असल्या तरच दिसतो. १०,००० त एक हे १०० त एक गुणिले १०० त एक होय, म्हणून समाजातल्या सर्व प्रतींपैकी १०० त एक बंद असावी. मग एकच बंद प्रत बाळगणारे, स्वतः अगदी निरोगी असणारे वाहक, जवळजवळ ५० त एक निघतात. संध्याकाळच्या लोकलच्या डब्यात २०० माणसे असतील तर त्यात चार वाहक, आणि त्यांतल्या एकालाही याची कल्पना नाही. हा हिशेब गणितज्ञ हार्डी आणि डॉक्टर वाइनबर्ग यांनी १९०८ साली स्वतंत्रपणे मांडलेल्या नियमावर उभा आहे आणि त्यामागे एक गृहीत आहे: समाजात कोणाचेही कोणाशीही लग्न होते. आपल्याकडे तसे होत नाही. लग्ने जातीत, पोटजातीत, कधी नात्यातच ठरतात. त्यामुळे बंद प्रती काही समूहांत एकवटतात आणि दोन वाहकांची गाठ पडण्याचा संभव तिथे वाढतो. खरे वाहक तेव्हा ५० त एकापेक्षा कमी असतील आणि सगळीकडे सारखे पसरलेले नसतील. गणित करून दाखवणारी मुले मी पाहिली आहेत. गणिताचे गृहीत आपल्या समाजाला लागू होते का, हे विचारणारे मूल माझ्या गठ्ठ्यात क्वचितच आले.

माझी पेन्सिल तुझ्या समासात जिथे जिथे थांबली तिथे मी एकच शब्द लिहिला आहे: 'कशावरून?' ज्या वाक्यापुढे या प्रश्नाचे उत्तर तुला देता येणार नाही ते वाक्य काढून टाक, मग ते कितीही देखणे असो. 'भविष्यात सर्व आनुवंशिक आजार नाहीसे होतील' हे त्यातले पहिले. तिसऱ्या पानावरचा एक परिच्छेद तुझ्या इतर लिखाणापेक्षा फारच गुळगुळीत आहे. तो तू कुठून उतरवलास की संगणकाकडून लिहून घेतलास हे मी विचारत नाही, पण त्यातला 'अधिप्रभाविता' हा शब्द तुला स्वतःच्या शब्दांत फोडून सांगता येईपर्यंत तो परिच्छेद तुझा नाही. गंमत म्हणजे खुंटी नसल्याने छत्री लपून राहते, म्हणजे एका जनुकामुळे दुसऱ्याचा परिणाम झाकला जातो, हेच त्या शब्दाचे उदाहरण आहे.

परिभाषेची फार धास्ती घेऊ नकोस. जनुक, गुणसूत्र, प्रतिजन, प्रतिपिंड, विकर, वाहक एवढ्या शब्दांत हा निबंध होतो. एकदा 'प्रतिपिंड' लिहिलेस की पुढे 'अँटिबॉडी' लिहू नकोस, वाचकाला त्या दोन निराळ्या गोष्टी वाटतात. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्ताच्या आनुवंशिक विकारांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, आणि चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद आहे, जी १९६६ पासून विज्ञान मराठीतून सांगण्याचे काम करते. दोन्ही ठिकाणी आधी पत्र लिहून, वेळ मागून जा. एखाद्या रक्तपेढीत कोणी दात्याची किंवा रुग्णाची हकीकत सांगितली तर नाव, गाव, आडनाव, वय यांपैकी काहीही तुझ्या वहीत उतरता कामा नये. दुर्मिळ रक्तगटाचा माणूस एवढ्याशा खुणेवरूनही ओळखू येतो.

स्पर्धेची नियमावली पुन्हा वाच. शब्दमर्यादेत शीर्षक आणि आकृतीखालचा मजकूर धरला जातो का, हे त्यात दिलेले असते आणि मुले शेवटच्या रात्री तिथेच अडकतात.

येत्या रविवारी सकाळी दहानंतर मी घरी आहे. नवा मसुदा पूर्ण झाला नसला तरी ये. पहिला परिच्छेद आणि तो चौकोन एवढे आणलेस तरी पुरे. माझ्याकडे जुन्या प्रात्यक्षिकाची एक टाइल अजून आहे, ती काढून ठेवते.

तुझ्या,
बाई