निष्कर्ष नकोत, प्रसंग लिही

तुझं पत्र दोनदा वाचलं. ऑनलाइन चाचणीत 36 गुण आले आणि तेव्हापासून तुझं एकच चाललंय: मला खरंच ऑटिझम आहे, की मी नुसत्या सबबी शोधतेय? हे त्या आकड्यावरून कळणार नाही. तू दिलेल्या 50 प्रश्नांच्या एक्यू चाचणीत, म्हणजे ऑटिझमच्या खुणा मोजणाऱ्या प्रश्नावलीत, 32 ही रेघ धरतात, पण ती चाळणी आहे, निदान नव्हे. सामाजिक भीती असली तरी गुण चढतात. वर्षानुवर्षं मुखवटा चढवून वावरणाऱ्यांचे कमीही येतात.

तेव्हा वही घे आणि प्रसंग लिही. 'मला गर्दी झेपत नाही' हा निष्कर्ष झाला. 'मीटिंगमध्ये ट्यूबलाइटची गुणगुण ऐकू येत राहिली, समोरच्याला तेच तीनदा विचारावं लागलं, घरी येऊन दोन तास अंधारात पडून होते' हा प्रसंग. निदानासाठी तपासणाऱ्याला हा प्रसंगच हवा असतो.

डीएसएम-5, म्हणजे मानसिक निदानांच्या अमेरिकन नियमावलीतले, ऑटिझमचे निकष समोर ठेव. संवादातली देवाणघेवाण, नजर-हावभाव, नाती जुळवणं-टिकवणं: या तिन्हींत अडचण दिसावी लागते. पुनरावृत्ती, ठरलेल्या क्रमाचा आग्रह, एकाच विषयाची तीव्र ओढ, आवाज-स्पर्श-प्रकाशाचा त्रास किंवा ओढ: या चारांपैकी किमान दोन. प्रत्येकासाठी एक पान, एक आत्ताचा प्रसंग, एक लहानपणचा. खुणा लहानपणापासून असाव्या लागतात, म्हणून आईला विचारावंच लागेल. 'मी वेगळी होते का?' असं विचारलंस तर 'छे, अगदी नॉर्मल होतीस' हेच ऐकशील. तिलाही प्रसंगच विचार. कपड्यांची लेबलं कापावी लागायची का? खेळ मांडून झाल्यावर कुणी एखादी वस्तू हलवली तर काय व्हायचं?

तपासणीची वेळ घेण्याआधी फोनवर विचार: प्रौढांची तपासणी करता का, बालपणाचा इतिहास घेता का, एडीएचडी (लक्ष टिकवण्याची अडचण आणि अतिचंचलता) आणि चिंताविकारही तपासता का, लेखी अहवाल देता का? एका प्रश्नावलीवर निकाल देणार असतील तर तिथे जाऊ नकोस. 'ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन्ही निदानं एकत्र होत नाहीत' असं कुणी म्हणालं, तर डीएसएममधली ती आडकाठी 2013 मध्येच गेली आहे.

वहीचा एवढा हट्ट कशाला, असं मला खूपदा ऐकवतात. एडॉस-2 या, समोर बसवून वागणं-बोलणं पाहणाऱ्या ऑटिझम-तपासणीचा प्रौढांसाठीचा चौथा भाग 40 ते 60 मिनिटांत उरकतो. तेवढा वेळ मुखवट्याचा आयुष्यभराचा सराव निभावून नेतो, आणि घरी आल्यावर माणूस कोसळतो ते कुणालाच दिसत नाही. हा आग्रह मी आधीपासून एवढा ठामपणे धरला नाही, याचीच खंत आहे.

तपासणीच्या दिवशी 'जमतं' म्हणून थांबू नकोस, ते कसं जमवतेस तेही सांग. 'डोळ्यांत बघता येतं का?' 'भुवयांच्या मधोमध बघते, मनात तीन मोजते, तेवढ्यात बोलणं कानांवरून जातं.' आणि 'इतरांना माझ्याहून जास्त त्रास असतो' हे वाक्य कृपा करून पुन्हा लिहू नकोस. तिथे तुझी तुलना कुणाशीच होणार नाही.

वहीतली निवडक दोन पानं टाइप करून आत गेल्या गेल्या हातात दे. ऐन वेळी शब्द सुचले नाहीत तरी कागद बोलेल. उत्तर 'नाही' आलं तर कोणता निकष बसला नाही आणि मग या प्रसंगांचं कारण काय, हे दोन्ही अहवालात लिहून माग.