ध्यानाला बसण्याआधी थोडं संशोधनाबद्दल

'ध्यानाने बीपीची गोळी सुटते' असं पुण्यातल्या तळजाई टेकडीवर फिरायला येणारं कुणी ना कुणी तुला सांगेलच. ऐकून घे, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नकोस. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१७ मध्ये ध्यानाला नेहमीच्या उपचारांची जोड एवढंच स्थान दिलं.

२०१४ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात ध्यानावरच्या ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. चिंता, नैराश्य आणि वेदना थोड्या कमी होतात, याला मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला. झोप, वजन यांबाबत फारसं काही हाती लागलं नाही. आणि व्यायामापेक्षा किंवा औषधांपेक्षा ध्यान सरस ठरलं नाही, त्यामुळे टेकडी चढणं सोडू नकोस!

ध्यानाने आठ आठवड्यांत मेंदूची रचना बदलते म्हणतात ना, तो दावा २०२२ च्या मोठ्या अभ्यासात टिकला नाही. कुठलाही अभ्यास वाचताना तुलना कुणाशी केली ते आधी बघ. काहीच उपचार न घेणाऱ्यांशी तुलना केली, तर जवळपास काहीही गुणकारी दिसतं.

पुण्याजवळच्या मरकळच्या दहा दिवसांच्या विपश्यना ध्यानशिबिराला लगेच नाव नोंदवू नकोस. आधी घरीच रोज दहा-पंधरा मिनिटं बस. पूर्वी मानसिक आजार झाला असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोलूनच सुरू कर.