सांगलीत ताजा समुद्री मासा रोज मिळत नाही. घरी माशाचा खारा टार्ट करायचाय, तर नदीचा मासा चालेल का? आणि ओव्हन नसेल तर?

चालेल का काय, नदीचाच करा. हे वाक्य मी गेली काही वर्षं आमच्या दाजींना ऐकवतोय, आज तुम्ही निमित्त झालात.

दाजी रत्नागिरीचे. सांगलीला आले की ताटाकडं बघून ठरलेलं वाक्य टाकतात, "तुमच्याकडं मासा नसतो हो, माती असते." बहीण गप्प बसते, मला जमत नाही. 2022 च्या आखाडात, गटारीआधीच्या रविवारी ते जेवायला येणार होते. कालवण आणि तळलेल्या तुकड्या केल्या असत्या तर घरच्या सुरमईशी तुलना आलीच. म्हणून त्यांनी कधी खाल्लेलं नाही असं काहीतरी करायचं ठरवलं, आणि त्यासाठी आणला रोहू. तिथंच फसलो.

रोहू, कटल्याच्या मांसात वाय अक्षरासारखे दुफाटी बारीक काटे असतात. कालवणात आपण ते जिभेनं वेगळे काढत खातो, टार्ट खाताना माणूस बेसावध असतो. दुसऱ्याच घासाला दाजींच्या घशात काटा. कोरड्या भाताचे गोळे गिळवून तो खाली उतरवला. त्यात मी उकडलेला मासा न निथळता भरलेला, त्यामुळं तळ कच्चा राहिला आणि तुकडा चमच्यानं उचलावा लागला. डोळ्यांतलं पाणी पुसत दाजी म्हणाले, "माशाची खीर बरी झालीय." वर्षभर नातेवाइकांत तेच चाललं होतं.

पुढच्या आखाडात मरळ आणली. मरळ वरची हवा घेते, म्हणून बाजारात टबात जिवंत असते. मधूनच तोंड वर काढून घोट घेते आणि परत खाली. मासेवालीनं राख चोळून धरली आणि बनियन काढावं तशी कातडी ओढून काढली. मधला काटा काढला की मांसात बारीक काट्यांचा त्रास जवळजवळ नाहीच.

आता त्या 'माती'बद्दल. मातकट वास मातीचा नसतोच. पाण्यातले काही जिवाणू आणि शेवाळं जिओस्मिन नावाचा पदार्थ तयार करतात, त्याचा तो वास. आंबटात हा पदार्थ तुटतो. मासा अर्धा तास चिंचेच्या कोळात ठेवा, धुवा, मग मीठ-हळद घालून वाफवा. सांगलीकराला हळदीचं जास्त सांगायला नको. गार झाल्यावर बोटांनी सोडवा आणि चाळणीत निथळू द्या. हे चुकवलंत तर खीर ठरलेली.

पारीला 200 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम फ्रीजमधलं कडक बटर, तीन-चार चमचे गार पाणी. बोटांच्या टोकांनी रवाळ करा, पोळीच्या कणकेसारखं मळू नका. मळलं की चिवट होतं आणि भाजताना आकसतं. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, लाटून साच्यात बसवा, वर कागद आणि त्यावर कोरडा राजमा. 180 अंशांवर पंधरा मिनिटं, राजमा काढून आणखी सात. मग 300 ग्रॅम मासा, परतलेला कांदा, चमचाभर कांदा-लसूण मसाला, वरून तीन अंडी आणि 200 मिली क्रीम फेटून. अर्धा तास. मध्यभागी जरासं थरथरलं की बाहेर.

दाजींनी तीन तुकडे खाल्ले. "सुरमई फ्रीझरमधली ना?" 1 जून ते 31 जुलै कोकणात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, हे त्यांनीच मला शिकवलेलं. मी म्हटलं, "मरळ." ते थांबले, बोट चाटलं आणि म्हणाले, "मीठ जास्त झालंय."

झालंच होतं. बाजारातलं बटर खारट असतं आणि मी पारीत वेगळं मीठ घातलं होतं. तुम्ही घालू नका.

ओव्हनचं म्हणाल तर कढईत मीठ तापवून केक होतो, टार्टचा तळ मला तरी कधी खुसखुशीत झालेला नाही. शेजाऱ्यांचा ओटीजी मागा.

आणि हो, मासे आणि दूध एकत्र खाल्लं की कोड येतं, असं घरी कुणी म्हणेलच. चरकसंहितेत हा विरुद्ध आहार सांगितलाय हे खरं, पण कोड शरीराच्या प्रतिकारशक्तीनं स्वतःच्याच रंगपेशी मारल्यानं येतं, टार्ट खाऊन नाही. तरी आई ताटावरून उठणार असेल तर क्रीमऐवजी नारळाचं घट्ट दूध वापरा. अंड्यानं तेही नीट बसतं.

मरळ महाग पडते. दाजी येणार नसतील तर चिलापी पुरे.