वर जाण्याआधी एवढं वाच

प्रिय भाच्या,

तुझा मध्यरात्रीचा मेसेज सकाळी वाचला. ‘वरच्यांनी आवाजाने डोकं उठवलंय, सोसायटीच्या ग्रुपवर टाकू का?’ टाकू नकोस. सगळ्या इमारतीसमोर नाव घेतलं की माणूस आवाज कमी करायचं सोडून अब्रू सांभाळायला लागतो. मग तू भाडेकरू आणि ते फ्लॅटचे मालक, हा विषय निघतो आणि मूळ गोष्ट बाजूला पडते. फोंड्याला आमच्या सोसायटीत मी बरीच वर्षं सेक्रेटरी होतो. गळती आणि पार्किंग सोडलं तर सगळ्यांत जास्त कागद याच विषयाचे यायचे.

पहिल्यांदा आवाज नक्की वरच्यांचाच आहे का ते बघ. हसू नकोस. स्लॅब, तुळया, खांब सगळं एकसंध काँक्रिट. त्यावर बसलेला ठोका तिरकाही जातो, एक घर सोडूनही ऐकू येतो. आमच्याकडे एका बाईंनी पहाटेच्या ठकठकीवरून वरच्या बिऱ्हाडाविरुद्ध पत्र दिलं. वॉचमनला विचारलं, तर तो फ्लॅट गणेश चवथीपासून कुलूपबंद, माणसं बेळगावला! ठकठक होती पाण्याच्या पाइपाची. पंप बंद झाला की पाइपातलं पाणी एकदम थांबायचं, त्याचा दणका पाइपाला बसायचा आणि सैल झालेला पाइप भिंतीवर आपटायचा. प्लंबरने क्लँप मारून तो आवळला. गोव्यात कुलूपबंद फ्लॅटांना तोटा नाही, तेव्हा तूही आधी वॉचमनला विचार.

दुसरं म्हणजे, तू राहायला आलास भर जूनमध्ये. चार महिने पाऊस पत्र्यांवर वाजत होता, त्याखाली वरचे आवाज बुडून गेले. आता पाऊस ओसरला, रात्री पंखाही तू मंद ठेवतोस, म्हणून साधी खुर्चीसुद्धा कानात शिरते. वरच्यांनी काही नवीन सुरू केलेलं नसेल. ‘आम्ही वर्षानुवर्षं असेच राहतो’ असं ते म्हणतील आणि ते खरंही असेल.

आठवडाभर वहीत लिहून ठेव: वार, वेळ, कसला आवाज. ‘फार त्रास’ असं लिहून उपयोग नाही. ‘खुर्ची ओढली, रात्री १०.५०’, ‘मूल धावतं, ९ ते ९.३०’, ‘मिक्सर, पहाटे ५.४०’ असं लिही. मोबाइलवरच्या डेसिबल अ‍ॅपच्या नादी लागू नकोस. क्षणभराचा ठोका त्यात नीट धरला जात नाही, आणि तो आकडा कुणी मानतही नाही.

वही भरली की त्यातली दोनच कलमं निवड आणि वर जा. दुपारी एक ते चार कुणाची बेल वाजवायची नाही, हे तुला सांगायला नको. रात्री रागाच्या भरात तर मुळीच जाऊ नकोस. संध्याकाळी सातच्या सुमारास जा, चप्पल दाराबाहेर काढ, ‘काका, मी खाली राहायला आलोय’ म्हण. आणि शांतता मागू नकोस. शांतता कुणी देऊ शकत नाही, माणसं घरात चालणारच. तू वेळ माग: दहानंतर खुर्च्या उचलून ठेवा, मिक्सर सहानंतर लावा. एवढं कुणीही कबूल करतो.

खुर्च्यांच्या पायांना लावायला फेल्टचे, म्हणजे जाड मऊ कापडाचे, गोल तुकडे सोबत घेऊन जा. हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. पाय आधी कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचे, नाहीतर चिकटत नाहीत. घासून घासून काही महिन्यांत निघतात, म्हणून जास्तीचे देऊन ठेव. लोखंडी नळीच्या खुर्च्या असतील तर फेल्ट टिकत नाही, त्यांच्या पायांना रबरी टोपणं घाल. मिक्सरखाली जाड रबराचा तुकडा पुरतो. मूल धावतं त्यावर हॉलमध्ये जाड सतरंजी एवढाच इलाज, आणि तो अर्धाच. मुलावरून मात्र शब्द जपून वापर. आईबाप बाकी सगळं ऐकून घेतात.

काकांना पटलं नाही तर त्यांना खाली चहाला बोलाव. तुझ्या खाटेवर बसव आणि वर त्यांच्या नातवाला खुर्ची ओढायला सांग. वरच्यांची फरशी सिमेंटमध्ये थेट स्लॅबवर बसवलेली, मध्ये मऊ असं काहीच नाही. त्यांना तो आवाज नुसता घसटल्यासारखा ऐकू येतो, तुला गडगडाट. माझ्या अनुभवात या एका चहाने जेवढं काम केलं तेवढं माझ्या लेटरहेडने कधी केलं नाही.

आवाज अडवायला फॉल्स सीलिंग करून देतो म्हणणारा कुणी भेटेल. भाड्याच्या घरात त्या भानगडीत पडू नकोस. ठोका भिंतींतूनही उतरतो. आणि चवथीला वर घुमट, आपलं ते मातीचं वाद्य, घुमायला लागलं, आरत्या रंगल्या, तर वही मिटून वर जा आणि झांज हातात घे.

कायद्याचंही सांगतो, कारण तू विचारशीलच. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे १० ते ६. घरातल्या खाजगी म्युझिक सिस्टमचा आवाज घराच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. निवासी भागात बांधकामाची आवाज करणारी यंत्रंही रात्री चालवता येत नाहीत. खुर्ची आणि पावलं या नियमांत बसवायला गेलास तर पोलीस तुलाच समजूत घालून जातील. पण वरचा फ्लॅट पर्यटकांना दोन-दोन दिवस देत असतील आणि रात्री एकला स्पीकर दणाणत असेल, तर जिना चढू नकोस. प्यालेल्या अनोळखी माणसांशी हुज्जत नको. सरळ ११२ लाव आणि वेळ वहीत नोंदव. असे फ्लॅट गोव्याच्या १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदवावे लागतात. नोंदणी आहे का, हे सोसायटीने मालकाला लेखी विचारलं की दिल्लीत बसलेला मालकही फोन उचलतो.

सोसायटीला पत्र द्यायची वेळ आलीच, तर एक अडचण आहे. तू सभासद नाहीस, अकरा महिन्यांच्या करारावर आहेस. पत्र घरमालकाच्या सहीने जाऊ दे, सोबत तुझ्या वहीतली पानं जोड आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घे. घरमालकाला आत्ताच फोन करून कानावर घालून ठेव, म्हणजे पुढे त्याला नवल वाटणार नाही. मसुदा मला पाठव, मी बघून देतो.

तुझा,
मामा