श्रीलंकेच्या खेड्यांत काम करायचंय, पण आधी शिकू काय?

तुझं पत्र वाचलं. बीए हिस्ट्रीचं शेवटचं वर्ष, घर संभाजीनगरला, गेल्या वर्षी घरच्यांसोबत अनुराधापूरला जाऊन आलीस, तिथल्या एका गावच्या विहारात वाळवी लागलेल्या ताडपत्राच्या पोथ्या बघितल्या आणि तेव्हापासून डोक्यात एकच, की तिकडच्या सिंहली गावांसाठी आणि बौद्ध वारशासाठी काही करायचं. आणि आई म्हणते आधी एमपीएससी दे.

मला हे खूळ अजिबात वाटत नाही गं. अजिंठ्याच्या १७ नंबरच्या लेण्यात श्रीलंकेला गेलेल्या सिंहल व्यापाऱ्याची कथा रंगवलेली आहे, तू तर ती बघतच मोठी झालीस, आणि बाबासाहेबसुद्धा १९५० ला श्रीलंकेतल्या कँडीच्या बौद्ध परिषदेला गेले होते, म्हणजे आपलं तिकडचं नातं जुनंच आहे. पण नुसती तळमळ घेऊन गेलीस तर फोटो काढून परत येशील, स्पष्टच सांगते. त्यांचं पुरातत्त्व खातं १८९० पासूनचं, आर्किऑलॉजी शिकलेली त्यांची स्वतःची मुलं आहेत, टुरिस्ट व्हिसावर तुला नोकरी करता येणार नाही. एखादं नेमकं काम हातात असेल तरच तुला तिथे जागा आहे.

माझ्या मते ते काम तूच पत्रात लिहिलंयस, पोथ्या. ही पानं उकळून, वाळवून, घासून गुळगुळीत करतात, लोखंडी टोकाने अक्षरं कोरतात आणि मग तेलात कालवलेली काजळी चोळतात तेव्हा ती दिसतात. दमट हवा, कीड आणि हाताळायची माहिती नसणं, एवढ्याने शेकडो वर्षांचं लिखाण जातं. मातळेजवळच्या अलुविहारात त्रिपिटक, म्हणजे बौद्धांचे मूळ धर्मग्रंथ, पहिल्यांदा लिहून काढलं गेलं असं तिकडची परंपरा सांगते, आणि तिथला ग्रंथसंग्रह १८४८ च्या बंडात इंग्रजांनी नष्ट केला. जे उरलंय ते बरंचसं खेड्यातल्या भंतेंच्या, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या, कपाटात आहे.

म्हणून पाली, म्हणजे त्या ग्रंथांची भाषा, घेऊन एमए कर, पुणे, मुंबई, नागपूर तिन्ही विद्यापीठांत सोय आहे. सोबत कॉन्झर्व्हेशनचं ट्रेनिंग, त्यासाठी लखनौच्या राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळेत काय कोर्स, वर्कशॉप चालतात त्यावर लक्ष ठेव. पुढे श्रीलंकेतल्या केलानिया विद्यापीठाच्या पाली आणि बौद्ध अध्ययन संस्थेत अर्ज करता येईल. आणि सिंहली आजपासून शिक, लिपीसकट, कारण गावातल्या आजीशी इंग्रजीत बोलून तुला काहीच कळणार नाही.

आता गावांचं. तिकडे तळं, स्तूप, गाव, विहार ही एकाच दमात घ्यायची नावं आहेत आणि ते खरंच तसं चालतं, गावात पीक आलं तर विहाराला दान जातं, छप्पर दुरुस्त होतं. २०२१ मध्ये सरकारने रासायनिक खतांवर अचानक बंदी घातली, भाताचं उत्पादन कोसळलं, काही महिन्यांत निर्णय मागे घ्यावा लागला पण शेतकऱ्यांचा हंगाम गेलाच. अनुराधापूर भागात तर शेतकऱ्यांना किडनीचा आजार होतोय आणि कारण अजून पक्कं सापडलेलं नाही, लोक प्यायच्या पाण्यासाठी धडपडतायत. अशा घरात जाऊन पोथी जपा म्हणायचं तर आधी त्यांचं ऐकायला शिकावं लागतं. आरियरत्ने नावाच्या शिक्षकाने १९५८ मध्ये शाळेच्या मुलांना घेऊन एका वंचित गावात श्रमदान सुरू केलं, त्यातून सर्वोदय चळवळ उभी राहिली, गांधी-विनोबांचा प्रभाव होता त्यांच्यावर. हे नीट वाच. तुझा ओढा या बाजूला जास्त असेल तर पाली सोडून तुळजापूरच्या टिसमध्ये (टाटा समाजविज्ञान संस्थेत) ग्रामीण विकास कर, तेही चालेल.

एक मात्र मनापासून सांगते, तिथे तमिळ आणि मुस्लिम गावंही आहेत आणि उत्तर-पूर्वेत पुरातत्त्वाच्या नावावर जमिनीचे वाद पेटलेत. कुठल्याही संस्थेसोबत जायच्या आधी ती शेजारच्या गावाशी कशी वागते ते विचार, पटलं नाही तर सरळ नाही म्हण.

आईंना सांग, पालीमध्ये नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा देता येते, पुढे कॉलेजात शिकवणं, म्युझियम, हस्तलिखित ग्रंथालयं असे रस्ते इथेही आहेत. एमपीएससीचा अभ्यास एमए करताना जमेल असं मी म्हणणार नाही, दोन्हींत अर्धवट राहतं. दोघी बसून एक ठरवा, आणि पाली की ग्रामीण विकास ते मला कळव, मग फॉर्म आणि स्कॉलरशिपचं सविस्तर बोलू.