गुलामांचं बंड, उठाव की क्रांती?

'१९६०च्या "स्पार्टाकस" चित्रपटावर लिहितोय. त्यातल्या गुलामांनी केलं ते बंड, उठाव की क्रांती?' असं एकाने विचारलंय.

माझं मत उठावाला. पण बाकीचे दोन शब्दही त्या लेखात लागतील.

'बंड' हा सत्तेच्या तोंडचा शब्द. बंड मोडतात, बंडाचा बीमोड करतात. १८५७ला 'शिपायांचं बंड' म्हणायचे. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'लाही ती बंडाचीच हकीकत. पुढे पाठ्यपुस्तकांत त्याचा 'उठाव' झाला. घटना तीच, बघणाऱ्याची बाजू बदलली. म्हणून या गुलामांना चिरडणाऱ्या रोमन सेनापती क्रॅससबद्दलच्या वाक्यात 'बंड' अगदी चपखल बसेल. गंमत अशी की रोमन स्वतः याला 'गुलामांचं युद्ध' म्हणत. तरी, प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लूटार्क सांगतो, गुलामांवरच्या विजयासाठी मोठी विजययात्रा मागायला क्रॅसस धजला नाही.

'क्रांती' मात्र जपून. मुळात हा शब्द पाऊल टाकण्याचा, ओलांडण्याचा. संक्रांतीतली क्रांती तीच. व्यवस्था पालटली तर क्रांती. इ.स.पू. ७३मध्ये इटलीतल्या कापुआच्या ग्लॅडिएटर-शाळेतून सत्तर-एक जण स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि मांस भाजायच्या सळया घेऊन निसटले, तेव्हा गुलामगिरीच संपवायची असं त्यांनी ठरवल्याचं कुठे नोंदलेलं नाही. प्लूटार्कच्या मते त्यांच्या म्होरक्याला, स्पार्टाकसला, आल्प्स ओलांडून ज्याला त्याला आपापल्या मुलखात पोचवायचं होतं. गुलामगिरीच्या अंताचं स्वप्न त्याच्या डोळ्यांत घातलं ते चित्रपटाने, सुरुवातीच्या निवेदनातच. तेव्हा 'चित्रपटाने उठावाची क्रांती केली' असं खुशाल लिहा, ते खरंच आहे.

शेवटही असाच बदललाय. पडद्यावर स्पार्टाकस क्रूसावर मरतो. इतिहासात तो इ.स.पू. ७१मध्ये लढाईत पडला, प्रेत सापडलंच नाही. क्रूसावर चढवले ते पकडलेले सहा हजार, कापुआ ते रोम रस्त्याच्या कडेने.

आता 'उठाव'. साधा 'उठणे'वरून आलेला शब्द. बाजारात मालाला असतो तोही हाच. चित्रपटातलं ते दृश्य आठवा. हरलेले, साखळदंडातले कैदी टेकडीवर बसलेत. स्पार्टाकस कोण ते दाखवा, जीव वाचेल, असं रोमन सांगतात. तो उठायला जातो तोच शेजारचा उठतो, 'मी स्पार्टाकस'. मग दुसरा, तिसरा, अख्खी टेकडी. हा प्रसंग इतिहासात नाही. पण त्याचं वर्णन करताना 'एकेक जण उभा राहिला' लिहू नका, 'एकेक जण उठला' लिहा.