नागपुरात आयटीआय करणाऱ्या मुलाला सरकारकडून पैसे मिळतात का?

तुम्ही लिहिलंय की भावाचा श्रद्धानंदपेठेच्या सरकारी आयटीआयत इलेक्ट्रिशियनला नंबर लागलाय, वडिलांची चहाची टपरी आहे, काही मदत मिळेल का. मिळते. मीही नागपुरातच वायरमन केलं, म्हणून अनुभवाचं सांगतो.

सरकारी आयटीआयची फी तशी फार नसते, मारतो तो बसभाडं-डब्याचा खर्च. त्यासाठी पात्र मुलांना विद्यावेतन आहे. आमच्या वेळी ते महिन्याला ४० रुपये होतं, म्हणजे दोन प्लेट तर्री-पोहे! २०२३ मध्ये ते ५०० केलं. खासगी आयटीआय असती तर फीची प्रतिपूर्ती बघावी लागली असती. ती खुल्या प्रवर्गालाही मिळते, पण उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच हवा. मॅनेजमेंटच्या सीटवर गेलात की संपलं.

राखीव प्रवर्गातले असाल तर त्यांच्या योजना वेगळ्या. सगळे अर्ज महाडीबीटीवरच, म्हणजे राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाका. टपरीवाल्याकडे पगाराची स्लिप नसते, त्यामुळे तलाठ्याच्या अहवालात वेळ जातो. ऐन मुदतीत सेतूत गर्दी किती असते ते सांगायला नको.

आता खरी गोम. अर्जात कुठलाही खातेनंबर असो, पैसे जातात आधारला जोडलेल्या खात्यात. आणि ‘जोडलेलं’ म्हणजे बँकेत आधारची झेरॉक्स दिली एवढंच नव्हे. एनपीसीआय, म्हणजे बँकांमधले पैशाचे व्यवहार जोडणारी संस्था, तिच्या नोंदीत तुमच्या आधारपुढे एकाच बँकेचं नाव असतं, पैसा तिकडेच वळतो. मी चार महिने ऑफिसच्या खिडकीशी भांडलो. शेवटी बाबूंनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली, “पैसे तर जमा दिसून राहिले ना बे तुझे!” ते पडले होते आठवीत शाळेने काढून दिलेल्या खात्यात, काटोलकडच्या आमच्या गावी. पासबुक आईच्या ट्रंकेत, शाळेच्या दाखल्यांखाली. मी ते खातं पार विसरलो होतो.

त्यामुळे अर्जाच्याही आधी आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ बघा, म्हणजे आधारला कोणती बँक जोडलीय ते. बँक चुकीची दिसली तर हव्या त्या बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भरा, आठवड्याने पुन्हा तपासा. अर्ज भरला की आयटीआयच्या क्लार्कला भेटत राहा. अर्ज ‘सेंड बॅक’, म्हणजे दुरुस्तीसाठी परत, होऊन पडलेला असतो आणि पोरगा निवांत असतो.

पास झाल्यावर बुटीबोरी-हिंगण्याच्या कंपन्यांत अप्रेंटिसशिप मिळाली तर स्टायपेंड कंपनी देते. एनएपीएस या केंद्राच्या अप्रेंटिसशिप योजनेत त्यातला २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये महिना, केंद्र सरकार मुलाच्या खात्यात टाकतं. तेही त्याच आधारच्या खात्यात. २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही आहे, आयटीआयवाल्यांना महिना ८,०००, पण शिकत असताना नाही.

भावाचा प्रवर्ग कळवा, कोणती योजना टाकायची ते सांगतो.